नुसतं वाचणारी

जेवता जेवता मेहबूबनं विचारलं, "फलक, लर्कर म्हंजे काय व?" आणि तव्यावर टाकायची भाकरी खुर्शीदानं गॅसच्या कडेला टाकली.

तसं पाहिलं तर त्या प्रश्नात दचकण्यासारखं काही नव्हतं. मेहबूब आजकाल रोज असा एखादा शब्द घरी घेऊन यायचा, बाजारातून येताना कोथिंबिरीची जुडी आणावी तसा. परवा फेक, काल ट्रोल, आज हा. अकरावीत शिकणारी फलक ते शब्द आईच्या पोटातूनच शिकून आल्यासारखी बापाला समजावून द्यायची आणि बाप माना डोलवायचा. "लर्कर म्हंजे अब्बा, जो ग्रुपात असते पन बोलत नाई. नुसता वाचते. लाइक नाई, कमेंट नाई, काईच नाई. कोपऱ्यात बसून सगळ्यायचं पाहत राह्यते." मेहबूबनं घास थांबवला. "म्हंजे हेर." "हेर नाई हो अब्बा. हेर जाऊन कोनाले तरी सांगते. लर्कर कोनालेच सांगत नाई." "कोनालेच सांगत नाई तं मंग वाचते कायले?" मेहबूब म्हणाला. फलकनं खांदे उडवले. ज्या बाईकडे याचं उत्तर असायला हवं होतं ती भाकरी उचलून तिच्यावरची नसलेली राख झटकत होती, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. "बोंडअळीच म्हन नं," मेहबूब पाणी पिऊन म्हणाला. "गुलाबी. वरून बोंड हिरवंगार, अन् आत बसून खाऊन राह्यली." त्याला स्वतःची उपमा आवडली असावी, कारण उठताना तो ती पुन्हा एकदा पुटपुटला.

फोनवरच्या ज्या ग्रुपामुळं हे शब्द घरात येत होते त्याचं नाव कपाशी कट्टा. ॲडमिन मेहबूब, म्हणजे चिखलीच्या बाजारात बी-बियाण्याचं आणि औषधांचं दुकान चालवणारा, दुकानामागच्याच घरात राहणारा, खुर्शीदाचा नवरा. आणि त्या ग्रुपात गुल बानो नावाची एक बाई होती, जी जगात कुठेच नव्हती. फलकनं नवा फोन घेतला तेव्हा काचेला तडा गेलेला जुना आईकडे आला. त्यावर फलकनंच हौसेनं आईचं खातं उघडून दिलं, चेहऱ्याच्या जागी एक लाल गुलाब लावला, नावाच्या जागी गुल बानो लिहिलं. बायकांनी चेहरा टाकायचा नाही हा घरातला न बोललेला कायदा होता, आणि तो मोडावा असं खुर्शीदाला वाटलंही नव्हतं. पुढची करामत मात्र तिची एकटीची. एका रिकाम्या दुपारी तिनं नवऱ्याच्या ग्रुपाचं दार वाजवलं. शेतकरी आहात का? हो. कोणतं पीक? कपाशी. ग्रुपात माणसं वाढवायची तेव्हा मेहबूबला भारी हौस होती. येईल त्याला तो आत घ्यायचा. त्यानं आपल्या बायकोलाही घेतलं, न ओळखता. त्या दुपारी ती ओढणी तोंडात कोंबून एकटीच हसली होती.

हसू फार दिवस टिकलं नाही, पण सवय टिकली. घरात मेहबूब म्हणजे बंद कुलूप. भूक लागली, वाढ, झोपतो, दिवा मालव. निकाह होऊन इतकी वर्षं झाली तरी हा माणूस कशानं खूश होतो हे खुर्शीदाला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. आणि ग्रुपावर? ग्रुपावर तो राजा माणूस. सकाळी सगळ्यांना सलाम-नमस्कार, "राजेहो, वावरात पाणी साचू देऊ नका", "राजेहो, मावा किडीले कडूलिंब पहिले, औषधाची बाटली मंग", कुणाच्या बैलाला लागलं तर चौकशी, कुणाच्या मुलीला पहिला नंबर मिळाला तर हार घातलेल्या हत्तीचं चित्र. ती भांडी घासून, हात पुसून, पलंगाच्या कडेला बसून हे वाचायची. परक्या बाईनं परक्या पुरुषाकडे पाहावं तसं. कधी तिला त्याचं कौतुक वाटायचं, कधी नुसता जळफळाट व्हायचा, की एवढे शब्द आहेत या माणसाजवळ, मग ते सगळे उंबऱ्याच्या बाहेरच का खर्च होतात? पण विचारायचं कसं? विचारलं की तू कुठं वाचलंस हा प्रश्न आलाच. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती बोलली नाही. न बोलता वाचत राहिली, आणि आता त्या न बोलण्याला एक नाव मिळालं होतं. नाव मिळालं की चांगल्या सवयीलाही गुन्ह्याचा वास येतो.

पण ती दचकली त्याचं खरं कारण हेही नव्हतं. तिला भीती स्वतः सापडण्याची होतीच. त्याहून मोठा संशय तिला त्याचा होता, आणि तो पावसाळ्यापासून तिच्या छातीत घर करून बसला होता.

गोष्ट तिच्या भावाची, जाकीरची. तिचं माहेर चिखलीपासून जीपनं जेमतेम अर्ध्या तासावर, आणि जाकीरचं वावर ऐन रस्त्याला लागून. या भागात बियाण्याची पारख कोणी पाकिटावरून करत नाही. दुकानदारानं स्वतःच्या सोयऱ्याच्या वावरात काय पेरलं ते लोक येता-जाता जीपमधून मान वळवून पाहतात, आणि मग पाकीट मागतात. यंदा बाजारात एक नवं बीटी बियाणं हळूच फिरत होतं. सरकारी मान्यता नसलेलं, तणाचं औषध मारलं तर तण जळतं पण कपाशी जशीच्या तशी उभी राहते असं. निंदणाऱ्या बाया मिळेनाशा झाल्यापासून लोक त्याच्यासाठी वेडे झाले होते. त्याला चोर बीटी म्हणत आणि चोरासारखंच ते कुलपाआड, दुकानात नाही तर दुसरीकडेच ठेवत. त्याची पाटी रस्त्यावर लावता येत नाही. म्हणून मेहबूबनं मेहुणाच पाटीसारखा उभा केला. जाकीरनं पेरलं, उगवण देखणी झाली, आणि मेहबूबनं ग्रुपावर त्या वावराचा फोटो टाकला. मग दुल्हेभाईंच्या, म्हणजे मेहबूबच्या, सांगण्यावरून जाकीरनं बिनघोर तणाचं औषध मारलं. पुढच्या आठवड्यात तणही वाळलं आणि कपाशीही वाळली. पाकिटात भेसळ होती. रस्त्याला लागून असल्यामुळं ते जळकं वावर साऱ्या पंचक्रोशीनं जीपमधून पाहिलं. जाकीरनं ते मोडलं, नांगर घातला, आणि बाजारात मेहबूब सांगू लागला की बियाण्यात खोट नव्हती, मेहुण्यानं औषध जास्त मारलं. पोरगं अडाणी आहे. बाटलीवरचं वाचता येत नाही.

जाकीरला बाटलीवरचं वाचता येत होतं. तो खुर्शीदाच्या कडेवर वाढला होता. अलिफ-बे आणि अ-आ दोन्ही तिनंच त्याच्याकडून गिरवून घेतलं होतं. पण त्यानं चकार शब्द काढला नाही. नंतरही तो येत राहिला, येताना ओल्या शेंगा आणत राहिला, ओसरीत चपला काढून म्हणत राहिला, "आपा, दुल्हेभाईचं काय चुकलं? त्याईले तरी काय मालूम होतं?" आणि नेमकं हेच तर खुर्शीदाला कळत नव्हतं. त्याला माहीत होतं की नव्हतं? कारण गुल बानोनं एक फोटो पाहिला होता. ग्रुपावर. जळक्या कपाशीचा, ओळीच्या ओळी तांबूस, आणि बाजूला कुणाची तरी चप्पल घातलेली पावलं. टाकणाऱ्याचं नाव धम्मरत्न. वर दोन ओळी, आणि मग "आणखी पाहा". तिनं ते दाबलं नव्हतं. दूध उतू जात होतं की काय झालं होतं, ती उठून गेली, आणि परत येऊन पाहते तर फोटो नाही, धम्मरत्नचं नाव नाही, काहीच नाही. जणू त्या वावराला जमिनीनं गिळलं. ग्रुपावरून काही काढायचं तर ते टाकणाऱ्याच्या हातात, नाही तर ॲडमिनच्या.

हा फोटो कधीचा? जाकीरनं औषध मारण्याच्या आधीचा की नंतरचा? आधीचा असेल तर मेहबूबला माहीत होतं. माहीत असूनही त्यानं आपली पाटी उभी राहावी म्हणून तिच्या भावाला औषध मारू दिलं. नंतरचा असेल तर चूक साऱ्यांचीच होती, नशिबाचीही. सारी मेख त्या आधी आणि नंतरमध्ये अडकली होती, आणि खुर्शीदाचं मन रोज वेगळी साक्ष द्यायचं. सकाळी वाटायचं, आधीचाच. तेव्हा फलकच्या कॉलेजची खटपट चालू होती. दुपारी वाटायचं, छे, तेव्हा तर जाकीर येऊन गेला होता. कधीकधी तर वाटायचं, फोटो होताच का? तडा गेलेल्या काचेत माणसाला काय वाटेल ते दिसतं. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात; तिला तर दूध पोळलं होतं की नव्हतं हेच आठवत नव्हतं, आणि ती पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली होती. मेहबूबनं हातातला पेला खाली ठेवला तरी ती पाहायची, जरा जोरात ठेवला का. तो फोनवर उठून अंगणात गेला तर ती दाराआडून कान द्यायची, आणि नुसत्या खताच्या गाडीबद्दलच बोलणं ऐकू आलं तर वाटायचं, मुद्दाम खताचं बोलतोय.

आणि हा तोच माणूस होता. बीटी पहिल्यांदा या मुलखात आलं त्या वर्षांत, मलकापूरहून आणलेल्या पोत्यातल्या पाकिटांची शिवण त्याला उसवून पुन्हा घातलेली वाटली म्हणून रात्रभर कूस बदलत राहिलेला आणि सकाळी सगळं पोतं पाठीवर टाकून परत करायला गेलेला. खुर्शीदा तेव्हा नवी नवरी. तिनं विचारलं होतं, एवढं काय त्यात? तर म्हणाला, "पेरनारा उगवल्यावर शिव्या देते, खुर्शीदा. अन् त्याच्या शिव्या खऱ्या असतात." तिला तो मनापासून आवडला होता त्या दिवशी. त्याच उन्हाळ्यात त्यानं तिला लोणारला नेलं होतं. सरोवराच्या कड्यावर उभं राहून दोघं खाली पाहत होती, आणि त्यानं हात धरला होता तो कडा निसरडा आहे या सबबीवर. ती सबब आहे हे तिला कळलं होतं आणि आपल्याला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. दोघांना एकमेकांचं न बोलता कळतंय असं त्यानंतर किती वेळा झालं? माणूस कधी बदलतो, एका दिवसात की भाकरी कडक होते तसा हवेनं? की तो बदलतच नाही, आपणच आता दोन्ही डोळ्यांनी पाहायला लागलेलो असतो? तिला राग येत होता, आणि रागाच्या खाली भीती होती, कारण उत्तर वाईट निघालं तर पुढं काय करायचं याचा तिनं विचारच केलेला नव्हता.

लर्करचं खूळ मेहबूबच्या डोक्यात शिरलं त्यालाही कारण होतं. पोळा झाला आणि शेती खात्याचे दोन साहेब दुकानात येऊन सगळं उलटंपालटं करून गेले. सापडलं काही नाही, पण मेहबूब त्या संध्याकाळी जेवला नाही. कुणीतरी आतलं सांगितलं. कोण? ग्रुपातलाच. मग तो रोज संध्याकाळी फलकला शेजारी बसवून ग्रुपातली नावं एकेक करून तपासायला लागला, तांदूळ निवडायला बसावं तशी. हा कोण? हा बोलते अब्बा. हा? हा सगळ्यायशी भांडते, हा ट्रोल. हा हीरोचा फोटो लावलेला? हा फेक. स्वयंपाकघरात खुर्शीदा वांगी चिरत होती आणि एकेक नाव पुढं सरकताना तिच्या हातातली सुरी मंद होत होती. "अन् हे गुलाबाचं फूल? गुल बानो?" मेहबूबचा आवाज आला. "हे मलिहा आहे अब्बा, माह्या वर्गातली," फलक म्हणाली. "राहू द्या." "तिले कपाशीचं काय काम?" "तिच्या मामाचं वावर आहे." मेहबूब हं म्हणाला. आणि लगेच, त्याच आवाजात, जणू सहज, त्यानं विचारलं, "फलक, काढून टाकलेली पोस्ट कोनं कोनं पाह्यली हे समजते का गं?" "नाई अब्बा. काढली म्हंजे गेली." "ज्यानं पाह्यली त्याच्या डोक्यातून थोडीच गेली," मेहबूब म्हणाला. फलक हसली. तो हसला नाही. सुरी खुर्शीदाच्या बोटाला लागली होती आणि तिला रक्त दिसलं तेव्हा कळलं. चोराच्या मनात चांदणं, ती मनाशी म्हणाली. आता तिला आधी-नंतरचा हिशेबच उरला नाही. ज्याच्या पोटात पाप नाही तो काढलेल्या पोस्टच्या मागं कशाला लागेल?

फलक पाणी प्यायला आत आली आणि आईच्या बोटाकडे, मग तोंडाकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाली, "अम्मी, तू कवापासून अब्बाच्या ग्रुपात आहे?" खुर्शीदानं बोटाला ओढणी गुंडाळली. "लर्कर कुठली," फलक म्हणाली आणि हसून निघून गेली. लेकीनं आपल्याला वाचवलं याचा आनंद व्हायला हवा होता. उलट खुर्शीदाला वाटलं, ही इतक्या सफाईनं खोटं कुठं शिकली? आणि मलाच कशावरून खरं सांगते? घर तेच, भिंती त्याच, माणसं तीन, पण प्रत्येकजण दुसऱ्याच्या खांद्यावरून वाकून वाचतोय असं तिला झालं.

दुसऱ्या सकाळी ॲडमिनचा हुकूम ग्रुपावर आला. राजेहो, जे नुसते वाचतात त्यांनी शुक्रवारपर्यंत हजेरी लावावी. नाव, गाव, यंदा काय पेरलं. हजेरी न लावणाऱ्याले काढून टाकण्यात येईल, राग मानू नये. खाली धडाधड हजेऱ्या पडायला लागल्या. इतके दिवस कोपऱ्यात बसलेली किती माणसं होती! कुणी आंधळ्या म्हाताऱ्या बापाला मोठ्यानं वाचून दाखवण्यासाठी होता, कुणी वावर विकून पुण्याला कंपनीत गेलेला आणि नुसतं हिरवं पाहायला यायचा. विमलबाई नावाच्या एकीनं लिहिलं होतं, मी घरधन्याच्या नावानं वाचते, तो गेला, कपाशी आता मीच पाहते, मले काढू नका. खुर्शीदाला ते वाचून भरून आलं. मेहबूबनं तिला उत्तर दिलं होतं, ताई, हा ग्रुप तुमचाच आहे. त्या गोड उत्तराचाही तिला संशय आला.

शुक्रवारी मेहबूब जुम्म्याच्या नमाजेला गेला, फलक कॉलेजात. खुर्शीदानं पलंगाच्या कडेला बसून धम्मरत्नला निरोप लिहिला. तुम्ही जळलेल्या कपाशीचा फोटो टाकला होता. तो कोणत्या तारखेचा? उत्तर लगेच आलं. "तुम्ही कोण? गुलाबाच्या फुलाशी मी बोलत नसतो. फेक आयडी." तिनं लिहिलं, मी फेक नाही. त्यानं लिहिलं, "ॲडमिननंच बसवलं असन तुमाले. आता काय राह्यलं? पोस्ट काढली नं त्यायनं." म्हणजे फोटो होता. काचेच्या तड्यातून दिसलेला भास नव्हता. ॲडमिननंच काढला होता. एवढं पुरे होतं, ती तिथंच थांबू शकली असती. पण आधी की नंतर हे त्याच माणसाला माहीत होतं, आणि गुलाबाच्या फुलाला तो ते सांगणार नव्हता. तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्या फोनवर स्वतःचं नाव लिहिलं. मी खुर्शीदा. तुमच्या ॲडमिनच्या घरून. जाकीरची बहीण. मला फक्त एवढं सांगा, माझ्या भावानं औषध मारण्याच्या आधी यांना माहीत होतं का?

उत्तर लांबलचक आलं, तुकड्यातुकड्यानं. "भाभी, असं काऊन विचारता? तुमालेच तं सांगतलं होतं म्या." मग, "भाऊचा फोन लावला तं तुमी उचलला. भाऊ नमाजले गेलते. म्या म्हटलं, त्या बियाण्यावर औषध मारू नका म्हना कोनाले, पाकिटात भेसळ आहे, माही अर्धी कपाशी तणासंग गेली. तुमी म्हनल्या, हो भाऊ, सांगते." मग, "अन् मंग आठवड्यानं समजलं, तुमच्याच भावाचं वावर जळलं. मले लई राग आला. फोटो टाकला अन् खाली सारं लिवलं, की मेहबूबभाऊच्या बायकोले फोनवर सांगतलं होतं पन त्याईनं सख्ख्या भावालेही सांगतलं नाई. मेहबूबभाऊनं पोस्ट काढली अन् तसेच गाडीवर माह्या घरी आले. हात जोडले, भाभी. म्हने, माल म्या विकला, मले जोड्यानं मार, पन बाईमानसाचं नाव चारचौघात नको. जाकीरले समजलं तं त्याची बहीन तोंड दाखवनार नाई." आणि शेवटी, "तुमाले मालूम नव्हतं का हे?"

खुर्शीदा वाचत राहिली. वाचून झालं तरी वाचत राहिली. तिला तो फोन आठवत नव्हता. मग आठवला. खिडकीशी चार्जिंगला लावलेला मेहबूबचा फोन, कुणा माणसाचा घाईतला आवाज, आणि तिचं "हो भाऊ, सांगते." हे तर ती रोज कितीकांना म्हणायची, दुकानदाराच्या बायकोच्या तोंडी ते कुलूपच असतं, लावलं की माणूस जातो. तिच्या दुसऱ्या हातात तेव्हा हा तडकलेला फोन होता. त्यावर जाकीरच्या वावराचा फोटो होता, मेहबूबनं नुकताच टाकलेला, आणि खाली लोक लिहीत होते, काय वावर आहे, काय मेहुणा आहे, नजर न लागो. तिचा ऊर भरून आला होता. एका कानात तो माणूस सांगत होता की हे जळणार आहे, आणि तिचे डोळे त्याच हिरव्या ओळींवरून फिरत होते. तिनं कौतुक वाचलं आणि इशारा ऐकला नाही. मेहबूब नमाजेहून आला तेव्हा तिनं त्याला वाढलं, आणि कशाचीच आठवण तिला झाली नाही.

म्हणजे ज्या माणसाची ती पावसाळ्यापासून पाळत ठेवून होती तो हे सगळं पोटात घालून बसला होता. काढलेली पोस्ट कोणी पाहिली हे तो विचारत होता ते जाकीरनं पाहिली असेल या धास्तीनं. औषध जास्त मारलं ही थापही तिच्यासाठीच; बियाण्याची चर्चा झाली असती तर त्या फोनचीही झाली असती. तिला रडू आलं, आणि रडता रडता भलताच संताप आला. कोणी सांगितलं होतं याला झाकायला? मला विचारलं होतं? बायकोचं नाव राखायला त्यानं तिच्या भावाला बाजारात अडाणी ठरवला, आणि तो भाऊ ओल्या शेंगा आणत राहिला. आणि बियाणं? भेसळीचं ते बियाणं त्या वर्षीच्या पोत्यासारखं परत न करता विकलं कोणी? ते तर तिच्या विसरण्यानं धुऊन निघत नव्हतं. दोघांच्या चुकांचा असा पीळ पडला होता की एक धागा सोडवायला जावं तर दुसरा आवळत होता. फक्त तिसऱ्याची, जाकीरची, काही चूक नव्हती. आणि सारा मार त्याच्याच वाट्याला आला होता.

पुढचं दार वाजलं. मेहबूब नमाजेहून आला होता, टोपी काढून खुंटीला लावल्याचा आवाज आला, मग त्याचा, "खुर्शीदा, फलकची ती मैत्रीन हजेरी लावते का नाई? आज शेवटचा दिवस आहे." ग्रुपावर लिहिण्यासाठी तिनं अक्षरं उघडली आणि बंद केली. हे लिहायचं नव्हतं. तिनं जाकीरला फोन लावला.

"बोल आपा," जाकीर ओरडूनच बोलला, कारण मागं ट्रॅक्टर चालू होता. "हरभऱ्याले रान तयार करून राह्यलो. दुल्हेभाईले म्हना, बियानं तुमच्याकूनच नेईन, बाहेर जात नाई मी." मेहबूब एव्हाना खोलीच्या दारात येऊन उभा होता. ती फोन लावत होती तेव्हाच पडद्यावरचा गुलाब त्याला दिसला होता; त्यानं तिच्या कानाचा तडकलेला फोन पाहिला, मग तिचं तोंड पाहिलं. लोणारनंतर पहिल्यांदाच बहुतेक दोघांना न बोलता सगळं कळलं. त्यानं मान हलवली. नको. हात पुढं करून पुन्हा हलवली.

"जाकीर, ट्रॅक्टर बंद कर," ती म्हणाली. ट्रॅक्टर बंद झाला. "तू औषध मारलं त्याच्या आंधी मले एकाचा फोन आला होता. त्या बियाण्यावर मारू नका म्हून. मी कोनालेच सांगतलं नाई. विसरली मी."

तिकडं वाऱ्याचा आवाज येत होता. जाकीर विचार करताना नाकानं श्वास घेतो, लहानपणापासून; तो तिला ऐकू येत होता.

"विसरली," तो म्हणाला.

"हो."

"कशी विसरली आपा?"

"फोनात पाहत होती. तुह्याच वावराचा फोटो."

मग त्यानं अगदी हळू विचारलं, "दुल्हेभाईले मालूम होतं हे?"

मेहबूबनं दाराची चौकट धरली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं त्यानं तिला जे दिलं नव्हतं ते सगळं त्यानं या एका लपवण्यात दिलं होतं, हे तिला दिसत होतं. तेच आता ती त्याच्या हातातून काढून घेत होती.

"मांगून समजलं त्याईले," ती म्हणाली. "पन हो. मालूम होतं."

"मंग मले साऱ्या बाजारात अडाणी काऊन ठरवलं?" जाकीरचा आवाज फाटला. "लोकं हासतात, आपा. पोरं हासतात माह्यावर. मी गप राह्यलो, म्हटलं घरचा मानूस आहे. काऊन केलं त्यायनं असं?"

खुर्शीदानं फोन कानापासून दूर केला आणि मेहबूबपुढं धरला. "तुमाले विचारून राह्यला," ती म्हणाली.

मेहबूब त्या तडकलेल्या काचेकडे पाहत राहिला. हात त्यानं दोनदा पायजम्याला पुसले. मग फोन घेतला, कानाला लावला, आणि म्हणाला, "बोल जाकीर. मी आहे."